काल रात्रीचे अडीच तास आठवत नाहीत. आता काय करू?

उंबरठा | शनिवार, दुपारी १:४०

एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज लिहावं लागतंय. वाक्यं मागेपुढे झाली तर सांभाळून घ्या.

काल एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता, ऑफिसचे नऊ जण पबमध्ये गेलो. मी व्होडका आणि संत्र्याचा रस घेतला, सव्वानऊ ते साडेदहा या वेळात दोन ग्लास. दोनच. ही माझी नेहमीची मर्यादा आहे आणि इतक्या वर्षांत मला कधी साधी उलटीसुद्धा झालेली नाही. साडेदहाच्या सुमारास हात धुवायला गेले. नळावर पडलेला निळा उजेड आठवतो. त्यानंतर थेट आज सकाळी ६:४०, माझ्या खोलीचं छत. पायात बूट तसेच. मोबाईलमध्ये टॅक्सीचं बिल आहे, १:१२ चं.

मैत्रीण म्हणते की मी बोलत होते, हसत होते, मग अचानक पाय लटपटायला लागले. तिने आणि अजून एकीने मला घरी सोडलं, दार बाहेरून ओढून घेतलं. मधल्या काळात मी त्यांच्या नजरेसमोर होते असं दोघी सांगतात. मला त्यातलं काहीच आठवत नाही. डोकं जड आहे, हात थरथरतायत.

कोणीतरी काही घातलं असेल का? की मी उगाच नाट्य करतेय? पंधरा तास होऊन गेले, आता काही उपयोग आहे का?

शेवटची बस | १:४६

बाप रे. आधी सांग, आत्ता तुझ्याजवळ कोणी आहे का? नसेल तर त्या मैत्रिणीला फोन करून बोलावून घे. धागा नंतर वाच.

डॉ. खडूस | १:५५

उंबरठा, तातडीच्या विभागात काम करतो म्हणून थोडं अधिकाराने लिहितोय. उगाच वगैरे काही नाही. ग्लासात काही होतं की नव्हतं हे तू घरी बसून ठरवू शकणार नाहीस, मीही इथून ठरवू शकत नाही. आणि ते ठरेपर्यंत थांबायचं नसतं. संशय आहे, तेवढं पुरे. निघ.

निघण्याआधी: लघवीला जावंसं वाटलं तर स्वच्छ, घट्ट झाकणाच्या बाटलीत धर, वर वेळ लिही, सोबत ने. सकाळपासून जाऊन आली असशील तर ते गेलं, त्याची हळहळ नको. कालचे कपडे धुऊ नकोस, कागदी पिशवीत ठेव. अंघोळ राहिली असेल तर राहू दे.

वेळेचं गणित असं. जीएचबी नावाचं गुंगीचं द्रव्य रक्तात सहा-आठ तास आणि लघवीत साधारण बारा तासच सापडतं. ती वेळ गेली. पण झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचा जो बेंझोडायझेपिन गट आहे तो लघवीत दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त दिसतो. केटामीन हे भुलीचं औषधही दोन-चार दिवस मिळू शकतं. म्हणजे एक दार बंद झालंय, दोन उघडी आहेत.

तिथे गेल्यावर "ड्रग टेस्ट करा" एवढंच म्हणू नकोस. रुग्णालयातली झटपट तपासणी ठरावीक गोष्टींपुरती असते. जीएचबी आणि केटामीन तिच्यात बहुधा येतच नाहीत, आणि पेयात वापरल्या जाणाऱ्या काही गोळ्या इतक्या कमी मात्रेत असतात की त्याही निसटतात. "नकळत काही दिल्याचा संशय आहे, तशी नोंद करा आणि नमुना विषशास्त्र प्रयोगशाळेत पाठवा" असं सांग.

अजून एक, अवघड आहे पण विचारायलाच हवं. मैत्रिणी म्हणतात त्यात एखादी फट आहे का? अंगावर खुणा, दुखणं, कपड्यांत काही बदल? तसं काही वाटलं तर तेही तिथेच सांग. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तातडीच्या गर्भनिरोधकाला १२० तासांची मर्यादा आहे, आणि दोन्ही जितकी लवकर तितकी बरी.

कुठली औषधं चालू आहेत? काल कुठली गोळी घेतली होती?

उंबरठा | २:०४

मैत्रीण निघाली आहे. दोनदा जाऊन आले सकाळपासून, बाटलीचं माहीतच नव्हतं. खुणा, दुखणं काही नाही, अंतर्वस्त्रंसुद्धा जशीच्या तशी.

हो, सर्दी होती म्हणून दुपारी एक गोळी घेतली होती, शिंका थांबवायची. तिचा संबंध असेल का?

डॉ. खडूस | २:०७

असू शकतो. जुन्या पिढीतली ॲलर्जीची औषधं आणि दारू एकमेकांची गुंगी वाढवतात. पण एका गोळीने अडीच तास पुसले जाणं जरा जास्तच वाटतं. गोळीचं पाकीट सोबत ने. आणि हे सांगायला लाजू नकोस, त्याने तुझा संशय खोटा ठरत नाही.

जुना खेळाडू | २:३१

राग मानू नका, पण कोणीतरी म्हणायलाच हवं. रिकाम्या पोटी दारू चढते. लोक दोन म्हणतात, असतात चार. दुसऱ्या दिवशी लाज वाटते आणि मग "कुणीतरी काहीतरी घातलं". अशा प्रकरणांत तपासणीत बहुतेक वेळा दारूच निघते हे खरं आहे. विचारा डॉक्टरांना.

गप्पिष्ट मांजर | २:३४

आलेच! म्हटलं अजून कसे आले नाहीत.

डॉ. खडूस | २:५०

@जुना खेळाडू, अर्धं बरोबर आहे, म्हणून अर्ध्याला उत्तर देतो. अशा नमुन्यांत सर्वांत जास्त वेळा सापडणारं द्रव्य दारूच, हे खरं. पण त्यातून "म्हणजे तिनेच जास्त घेतली" हे निघत नाही. एक तर लोक उशिरा येतात, तोवर जीएचबीसारखं द्रव्य निघून गेलेलं असतं. ते आपल्या शरीरातही अल्प प्रमाणात तयार होतं, त्यामुळे लघवीत साधारण लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय बाहेरून आलं असं म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे दुसऱ्याच्या पेयात मिसळायला सगळ्यांत सोपी आणि हाताशी असलेली गोष्ट कोणती? दारूच. तीही न सांगता घातली की तोच प्रकार.

आठवणींबद्दल थोडं. रक्तातली दारू पटकन ०.१६ टक्क्यांच्या आसपास गेली की मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नवीन आठवणी नोंदवणं थांबवतो. माणूस बोलतो, हसतो, पैसे देतो, टॅक्सीत बसतो, पण वहीत काहीच उतरत नाही. बेंझोडायझेपिन गटातली औषधंही हेच करतात. त्यामुळे "ती तर नीट बोलत होती" हा पुरावा कशाचाच नाही, आणि आठवायचा कितीही प्रयत्न केला तरी जे लिहिलंच गेलं नाही ते वाचता येणार नाही. उंबरठा, हे तुझ्यासाठी. डोक्याला ताण देऊ नकोस. आणि लोकांनी सांगितलेले तुकडे जोडून स्वतःची आठवण तयार करू नकोस, पुढे जबाब द्यायची वेळ आली तर तो गोंधळ नडतो.

ओली काडेपेटी | ३:१२

मी पुरुष आहे, माझ्या बाबतीत घडलंय. सहा वर्षं झाली. एक बिअर, शेजारच्या टेबलावरचे दोघे फार आपुलकीने बोलत होते. जाग आली ती बसथांब्याच्या बाकावर. घड्याळ, पाकीट, मोबाईल काही नाही. बँकेतून पैसे काढले होते, आणि कॅमेऱ्यात मीच काढताना दिसतोय, अगदी शांतपणे. पोलिसांनी ते चित्रण दाखवून विचारलं, "जबरदस्ती कुठे दिसते?" डॉक्टरांनी आत्ता जे लिहिलं ते तेव्हा कुणी समजावलं असतं तर बरं झालं असतं. तपासणीला मी चौथ्या दिवशी गेलो. काही निघालं नाही. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितोय.

शेवटची बस | ३:२०

काडेपेटी, __/\__

पुरुषांना हे सांगायचीसुद्धा सोय नसते.

चष्मा शोधतोय | ३:४१

अवांतर: इंग्रजीत अशा पेयाला 'मिकी फिन' म्हणतात, ते शिकागोतल्या एका दारूगुत्त्याच्या मालकाचं नाव. लोन स्टार सलून. गिऱ्हाइकांना गुंगीचं पेय पाजून लुटतो म्हणून १९०३ मध्ये ते बंद करायला लावलं होतं. म्हणजे प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे आणि मूळ हेतू चोरीचा.

गप्पिष्ट मांजर | ३:४३

चष्मा, वेळ काय, तुम्ही सांगताय काय.

(पण माहिती रोचक आहे.)

काउंटरमागचा | ४:१५

अकरा वर्षं बारच्या काउंटरमागे उभा आहे. आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

चित्रपटात दाखवतात तशी पुडी ओतताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही. होत नसेल असं म्हणत नाही, पण ते दिसू नये असंच करतात. रोज दिसतं ते वेगळं. एक जण येतो, पाच ग्लास सांगतो, आणि हळूच म्हणतो, "तो डावीकडचा जरा कडक कर, कळू देऊ नको." वाढदिवस असतो, निरोप असतो, कुणी लाजाळू मुलगी "सुटावी" असं त्यांना वाटत असतं. नवीन पोरं करूनही देतात, गिऱ्हाईक पैसे देतंय ना! मी देत नाही. "ज्याचा ग्लास आहे त्याने येऊन सांगावं" म्हणतो. यावरून दोनदा शिव्या खाल्ल्यात, एकदा मालकाच्याही.

उंबरठाताई, तुमचे ग्लास काउंटरवरून कोणी आणले? आणि बिल कोणी भरलं? बिलाचा फोटो मिळाला तर बघा. मोठा पेग किंवा वरचा वाढीव पेग असेल तर त्याची ओळ वेगळी पडते. बिल खोटं बोलत नाही, निदान या बाबतीत. आणि जागेच्या व्यवस्थापकाला आजच फोन करून कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत जुन्यावर नवीन चढतं.

संपादक | ४:२२

सर्वांना विनंती: त्या जागेचं किंवा सहकाऱ्यांचं नाव कुणीही विचारू नये, लिहू नये. कुणाला तर्क असतील तर ते खाजगी निरोपातही नकोत.

शेवटची बस | ५:०५

त्या नखांना लावायच्या रंगांचं, कागदी पट्ट्यांचं काय? पेयात बुडवली की रंग बदलतो म्हणतात. पुतणीसाठी घ्यावं का असा विचार करत होते.

डॉ. खडूस | ५:३०

पट्टी ठरावीक दोन-तीन द्रव्यांपुरतीच असते. रंग बदलला नाही म्हणजे पेय सुरक्षित, असा अर्थ निघत नाही, पण लोक तोच काढतात. वाढीव व्होडका तर कुठलीच पट्टी सांगणार नाही. रोहिप्नॉल ही त्याच बेंझोडायझेपिन गटातली झोपेची गोळी, ती बनवणाऱ्या कंपनीने पुढे गोळीत निळा रंग घातला, पेयात विरघळली की दिसावी म्हणून. चांगलं केलं, पण गडद पेयात आणि पबच्या उजेडात निळं दिसणार कुणाला!

पुतणीला पट्टीपेक्षा एक सवय लावा: कुणी अंदाजाबाहेर झिंगलेलं दिसलं तर "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणून एकटं सोडायचं नाही. उंबरठाच्या मैत्रिणींनी चुकीच्या हेतूने केलं नाही, पण बूट घातलेल्या, उताण्या झोपलेल्या माणसाला रात्री उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवायचं, कुणीतरी जवळ थांबायचं. हाक मारून, खांदा हलवून जाग येत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर असतील, तर थेट रुग्णवाहिका. कॉफी पाजणं, गार पाण्याखाली धरणं, घशात बोटं घालून उलटी काढणं, यातलं काहीही करायचं नाही.

काउंटरमागचा | ५:४४

यात एक माझी भर. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, डोळ्यांपुढे पांढरं दिसायला लागलं, पोटात फार दुखलं, तर तो मिथेनॉलचा प्रकार असू शकतो. भेसळीची दारू. २०२४ च्या नोव्हेंबरात लाओसमध्ये वांग व्हिएंग इथे सहा पर्यटक त्याने गेले. तिथे कुणी त्यांच्यावर डाव धरला नव्हता, बाटलीच विषारी होती. लक्षणं बारा-चोवीस तासांनीही येतात, तोवर माणसाला वाटतं हँगओव्हर आहे.

उंबरठा | रात्री ९:१८

घरी आलेय. मैत्रीण आज इथेच राहणार आहे.

नजर ठीक आहे, तेही तपासलं. ड्यूटीवरचे डॉक्टर आधी म्हणाले, "पाणी प्या, झोपा." मी इथून लिहून नेलेलं वाक्य वाचून दाखवलं, शब्दशः, कागदावरून. आवाज कापत होता. ते जरा थांबले, मग नोंद केली आणि रक्त, लघवी दोन्ही घेतलं. पोलिसांत प्राथमिक तक्रार दिली. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पण तुम्ही प्यायला होतात ना?" हो, प्यायले होते. दोन.

पबला फोन केला. चित्रण ठेवतो म्हणाले. ईमेलही पाठवलाय, काउंटरमागचे यांच्या सांगण्यावरून.

बिल ज्याने भरलं त्याच्याकडे मागितलंय. ग्लास दोन्ही वेळा एकाच सहकाऱ्याने आणून दिले होते. आत्ताच काही म्हणत नाही.

जुना खेळाडू | रात्री ९:५०

तपासणीला गेलात ते योग्य केलंत. हे मनापासून.

वाचतेय फक्त | रविवार, सकाळी ७:३०

एक लिहू का? सगळे पबबद्दल बोलतायत. फ्रान्समधल्या माझाँ गावचं प्रकरण आठवा. जिझेल पेलिको यांना त्यांचा नवरा वर्षानुवर्षं घरात, जेवणातून आणि पेयातून गुंगीचं औषध देत होता. त्यांना विस्मृतीचे झटके येत, आपल्याला अल्झायमर झालाय की काय अशी भीती वाटत होती. २०२० मध्ये नवरा दुसऱ्याच गुन्ह्यात पकडला गेला तेव्हा त्याच्या संगणकातून सगळं बाहेर आलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. "अनोळखी माणसाकडून ग्लास घेऊ नको" हे आपण मुलींना शिकवतो, ते ठीकच. पण ओळखीच्याच्या हातचा ग्लास आपण बघतसुद्धा नाही.

गप्पिष्ट मांजर | सकाळी ८:०२

+१. आणि बघितला तरी कळणार काय?

उंबरठा | बुधवार, संध्याकाळी ७:२५

अहवाल यायला अजून वेळ आहे, पण बिलाचा फोटो मिळाला.

टेबलावर बाकी सगळे बिअर आणि व्हिस्कीवर होते. व्होडका एकटी मी. मी मागितला होता छोटा, ३० मिलीचा. बिलात दोन ओळी आहेत: "व्होडका ६० – २" आणि त्याखाली "वाढीव ३० – २". म्हणजे प्रत्येक ग्लासात ९० मिली. मी दोन नाही, सहा पेग प्यायले. सव्वा तासात. गोड रस होता, काही कळलं नाही.

त्याला विचारलं. त्याने कबूल केलं, हसतच. "तू नेहमी दोनवर थांबतेस, म्हटलं आज जरा मोकळी होशील. गंमत होती ग."

डॉ. खडूस | ७:४१

वजन विचारू का?

उंबरठा | ७:४३

५२.

डॉ. खडूस | ७:५८

४० टक्क्यांची व्होडका धरली तर १८० मिलीत साधारण ५७ ग्रॅम अल्कोहोल. ५२ किलोच्या बाईच्या अंगात, सव्वा तासात, ढोबळमानाने ०.१८ टक्के. मागे ०.१६ लिहिलं होतं ते आठव. तू ठरवलेल्या दोन पेगांवर ते ०.०५ च्या आसपास राहिलं असतं. त्यात सर्दीची गोळी. शनिवारी दुपारपर्यंत दारू रक्तातून जवळजवळ उतरलेलीच असणार, त्यामुळे अहवालात काही आलं नाही तरी बिचकू नकोस. हे बिल आणि त्याची कबुली पोलिसांकडे दे. कबुली लेखी आहे का?

उंबरठा | ८:००

मेसेजमध्ये आहे. हसऱ्या चेहऱ्यासकट.

जुना खेळाडू | ८:१६

म्हणजे शेवटी दारूच होती. मी तेच म्हणत होतो, पण

शेवटची बस | ८:१८

दारूच होती. फक्त ती तिने घेतलेली नव्हती.

जुना खेळाडू | ८:२०

तेच लिहायला गेलो, अर्धाच प्रतिसाद गेला. "दोन म्हणतात, असतात चार" असं मी लिहिलं होतं. सहा होते आणि तिला माहीत नव्हतं. माझी चूक. आमच्या तरुणपणी मित्राच्या ग्लासात आम्हीही असं केलंय, आणि त्याची गोष्ट अजून रंगवून सांगतो. तो त्या रात्री घरी कसा पोचला हे मला आजही माहीत नाही. कधी विचारलंच नाही.

ओली काडेपेटी | ८:३३

विचारा त्याला.

काउंटरमागचा | ११:४०

आत्ता ड्यूटी संपली. ताई, ज्याने ते ग्लास भरले त्याचंही चुकलं. ब्रिटनमध्ये न सांगता दुसऱ्याच्या पेयात दारू वाढवणं स्पायकिंगमध्येच, म्हणजे पेयात नकळत काही मिसळण्यातच धरतात, त्यासाठी औषधच असावं लागत नाही. तुमच्याकडचा कायदा वकिलाला विचारा. पण "गंमत होती" यावर तक्रार मागे घेऊ नका. अशी गंमत करणारा दर आठवड्याला माझ्यासमोर उभा असतो, आणि ती त्याची पहिलीच नसते.

उंबरठा | पुढचा सोमवार, रात्री १०:०५

अहवाल आला. बेंझोडायझेपिन नाही, केटामीन नाही, दारू नाही. खडूस डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून नुसता वाचून फाइलमध्ये ठेवला.

बिल, मेसेज आणि पबने दिलेलं चित्रण पोलिसांकडे दिलं. चित्रणात तो काउंटरवर वाकून काहीतरी सांगतोय आणि माझ्या टेबलाकडे बोट दाखवतोय. पुढे मीही दिसते, साडेअकराला, सगळ्यांबरोबर नाचताना. मी कधी नाचत नाही. ते तेवढं दोनदा बघितलं, मग बंद केलं.

ऑफिसात दोन तट पडलेत. एक जण म्हणाला, "त्याचं करिअर बरबाद होईल, बघ बाई." अंतर्गत समितीपुढे उद्या अकराला जायचंय. मैत्रीण सोबत येणार आहे, ती रडत होती की आपण तुला तसंच टाकून आलो. तिला मी कुशीवर वळवायचं ते शिकवलं, दिवाणावर, हसत हसतच.

समितीत पहिला प्रश्न तोच येणार, "तुम्ही प्यायला होतात ना?" काय म्हणू?

शेवटची बस | १०:०९

म्हण, "हो. दोन मागितले होते. बिल बघा."